दहाची नोट आणि दशांश

पत्राचा सारांश : जळगाव जिल्ह्यातल्या एका रेल्वेच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. माहेर नवापूरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळीतलं, घरात दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चर्चसाठी बाजूला काढल्याशिवाय किराणा यायचा नाही. लग्नानंतर तीस वर्षं त्या कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या धर्मसमाजात, आहेत. निवृत्तीनंतर फादरांनी त्यांना फायनान्स कमिटीत घेतलं. पॅरिशच्या वहीत २१० कुटुंबं आहेत. त्यातली ७० तरी पुणे, नाशिक, सुरतेला गेलेली. रविवारी मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, अडीचशे माणसं असतात आणि कलेक्शन सरासरी ४,६०० रुपये, म्हणजे महिन्याला १८,४००. खर्च २९,०००. तूट मारियामातेच्या सणाच्या पैशातून भरतात; सणाचा खर्च जाऊन १ लाख २६ हजार उरतात. तीन पावसाळे छप्पर गळतंय. ८४ पत्र्यांचं, फिटिंगसकट, ३ लाख ३६ हजारांचं कोटेशन कपाटात पडून आहे. भावाच्या मंडळीत मात्र ६४ कुटुंबं महिन्याला ४४,८०० रुपये देतात. कमिटीपुढे दोन सूचना आहेत. एक, देणाऱ्यांची नावं आणि रकमा मिस्सानंतर वाचून दाखवायच्या. दोन, घरटी महिना ३०० रुपये ठरवायचे आणि थकबाकीदाराला बाप्तिस्म्याचा दाखला किंवा लग्नाचं पत्र द्यायचं नाही. ताईंचा कल दुसरीकडे आहे. त्या विचारतात, ‘आम्ही कॅथलिक मुळातच चिकट आहोत का?’

ताई,

आधी तुमचेच आकडे पुन्हा मांडू, कारण सगळा राग तिथून सुरू झालाय. तुम्ही १८,४०० ला २१० ने भागलंत. घरटी ८८ रुपये आले. भावाकडे ७००. आठपट फरक दिसल्यावर कुणालाही लाज वाटेल. पण जी ७० कुटुंबं गावातच नाहीत त्यांना भागाकारात का धरायचं? १४० धरा. आणि सणाला उरणारे १ लाख २६ हजार याच लोकांच्या खिशातले आहेत, ते महिन्याला साडेदहा हजार होतात. बेरीज २८,९००, घरटी २०६. अंतर आठपटीवरून साडेतीनपटीच्याही खाली आलं. ते मोठंच आहे, मी ते नाकारत नाही. पण ‘आमचे लोक देत नाहीत’ हे वाक्य आता उभं राहत नाही. सणाला देणारा आणि रविवारी दहाची नोट टाकणारा माणूस एकच आहे. मग त्याचा हात एका दिवशी उघडतो आणि बाकी एक्कावन्न रविवार का आखडतो, हा तुमच्या कमिटीपुढचा खरा प्रश्न आहे.

कॅथलिक कमी देतात, हे निरीक्षण तुमच्या गावापुरतं नाही. अमेरिकेत यावर बराच अभ्यास झालाय. फादर अँड्र्यू ग्रीली या समाजशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवलं की १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट आपल्या उत्पन्नाचा जवळजवळ सारखाच वाटा, सुमारे २.२ टक्के, चर्चला देत होते. वीसेक वर्षांत प्रॉटेस्टंटांचा वाटा तिथेच राहिला, कॅथलिकांचा निम्म्यावर आला. ग्रीलींनी त्याचा संबंध १९६८ च्या संततिनियमनाविषयीच्या पोपच्या परिपत्रकाशी आणि त्यातून आलेल्या दुराव्याशी जोडला. इतरांनी दुसरी कारणं पुढे केली. आपल्यासाठी त्यातलं महत्त्वाचं एवढंच, की जे एका पिढीत बदललं ते रक्तात नसतं.

नंतर १९९३ मध्ये डीन होग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच पंथांच्या ६२५ मंडळ्यांची पाहणी केली. त्यात कॅथलिक होते, लुथरन, प्रेस्बिटेरियन, सदर्न बॅप्टिस्ट आणि असेंब्लीज ऑफ गॉड होते. सगळ्यात कमी कॅथलिकांचं, सगळ्यात जास्त असेंब्लीज ऑफ गॉडचं. उत्पन्नातल्या फरकाने याचा उलगडा होत नव्हता. फरक पाडणाऱ्या गोष्टींत दशांश ही देवाची आज्ञा आहे हा विश्वास होता, उपासनेत आणि कामात सहभाग होता, आणि एक अगदी साधी गोष्ट होती : किती द्यायचं हे माणूस कधी ठरवतो. वर्षाच्या सुरुवातीला ठरवणारे, त्या-त्या रविवारी ठरवणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त देत होते. अमेरिकेचे आकडे खानदेशाला जसेच्या तसे लावू नयेत. पण ही शेवटची गोष्ट कुठल्याही गावात, कुठल्याही रविवारी डोळ्यांनी बघता येते.

तुमच्या चर्चमध्ये पिशवी रांगेतून सरकते तेव्हा बघा. पिशवी दोन माणसांवर आली की हात खिशात जातो. पाचशेची नोट वर येते, परत आत जाते. वीसची मिळाली तर वीस, दहाची असली तर दहा. किती द्यायचं हे त्या क्षणी खिशातले सुट्टे ठरवतात. अडीचशे माणसांत ४,६०० म्हणजे माणशी १८ रुपये; हा सुट्ट्या पैशांचाच हिशोब आहे. तुमच्या माहेरी मात्र पगार हातात आला की आई पाकिटात दशांश घालून ते बायबलमध्ये ठेवत असेल. निर्णय घरात झाला, चर्चमध्ये फक्त पोचवला. पौलाने करिंथच्या मंडळीला हेच लिहिलं होतं, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे आपल्याजवळ बाजूला काढून ठेवावं. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० पासून हे चुलीपाशी नेलं. प्रत्येक स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला, आणि त्या मुठींतून आज वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. त्या बायकांकडे आपल्यापेक्षा जास्त पैसा नव्हता.

दुसरं कारण गरज दिसण्याचं. भावाच्या मंडळीत कलेक्शन कमी झालं तर पाळकसाहेबांचा पगार थांबतो, आणि ही गोष्ट त्याच आठवड्यात घराघरांत कळते. लाईट बिल कोण भरणार याला ‘आपणच’ याशिवाय उत्तर नसतं. पश्चिम खानदेशातल्या आणि भुसावळ पट्ट्यातल्या जुन्या मिशनच्या मंडळ्यांना, मिशनरी परतल्यावर, हे शिकावंच लागलं. पॅरिशमध्ये मात्र लोकांची समजूत वेगळी असते. फादरांचं बिशप बघतात, सिस्टरांच्या शाळेची फी येते, बाहेरदेशातून पैसा येतो, आपल्या वीस रुपयांनी काय होणार! ही समजूत चूक आहे असं त्यांना कुणी कधी कागदावर दाखवलंय का? शाळेचं खातं वेगळं असेल तर तसं सांगा. परदेशी देणगी फक्त त्यासाठी नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच येते, आणि ज्या कामासाठी आली त्याच कामाला लागते. तुमच्या राखणदाराचा पगार त्यातून होत नाही, हे लोकांना माहीतच नाही.

तिसरं, आकार आणि शब्दाचा मान. ६४ कुटुंबांत एक पाकीट आलं नाही तर कळतं. १४० मध्ये ‘दुसरा देईल’ म्हणता येतं. शिवाय रेल्वेच्या गावात अर्धी पॅरिश बदलीवर आलेली असते, तीन-चार वर्षांनी जाणारी. पाड्यांवरची आदिवासी कुटुंबं मागच्या बाकांवर बसतात. तुमच्या कमिटीत त्यांच्यातलं कोण आहे? पत्रात पाच जणांचा उल्लेख आहे आणि पाचही निवृत्त नोकरदार दिसतात. १९८३ च्या कॅनन कायद्याने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याने, प्रत्येक पॅरिशला फायनान्स कौन्सिल सक्तीचं केलं, आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या पैशाचा हिशोब त्यांना द्यावा असंही सांगितलं. हिशोब बिशप हाऊसला जातो, ते बरोबरच. पण ज्याने वीस रुपये टाकले त्यालाही तो मिळायला हवा.

माहेरच्या मंडळीबद्दल एक सांगते, राग मानू नका. भावाला विचारा की ४४,८०० पैकी पहिल्या बारा-तेरा घरांचे किती. चर्च कुठल्याही पंथाचं असो, साधारण पाचव्या हिश्श्याचे लोक चार हिस्से पैसा देतात असंच पुन्हापुन्हा आढळतं. त्यातली दोन घरं पुण्याला गेली तर मंडळी अडचणीत येते. आणि काही ठिकाणी दशांशाचा आग्रह ‘एक दे, दहा मिळतील’ या आश्वासनावर चालतो. कापूस गेला, दवाखाना लागला की तो शेतकरी स्वतःच्याच विश्वासाला दोष देत बसतो. दशांशाची शिस्त घ्या, हे आश्वासन घेऊ नका.

आता तुमच्या दोन सूचना.

तीनशे रुपयांची सक्ती आणि दाखला अडवणं : हे करू नका, आणि कमिटीला करूही देऊ नका. हा दयेपेक्षा आधी नियमाचा प्रश्न आहे. संस्कारांसाठी, अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या अर्पणापलीकडे काही मागू नये आणि गरिबीमुळे कुणी संस्काराला मुकू नये, असं कॅनन ८४८ स्पष्ट सांगतं. श्रद्धावंतांनी चर्चच्या गरजा भागवाव्यात हे कर्तव्यही कॅनन २२२ मध्ये आहे, पण दाखला अडवून ते वसूल करायची मुभा त्यात नाही. शिवाय हिशोब बघा. हातात ४५,००० येणाऱ्या रेल्वेवाल्याला ३०० म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही. तो सुटल्यासारखा श्वास सोडेल आणि आज ५०० देत असेल तर ३०० वर येईल. महिन्यात वीस दिवस ४०० च्या रोजाने जाणाऱ्या बाईच्या ८,००० मधून ते पावणेचार टक्के होतात. ठराविक रक्कम वरच्याला सूट देते आणि खालच्याला दंड करते. आणि थकलेलं घर पैसे आणून देत नाही. ते मिस्साला यायचं बंद होतं.

नावं वाचणं : यातही धोका तोच. रकमा मोठ्याने वाचल्या की वरची पाच नावं खूश होतात, आणि जिच्या नावापुढे ‘२०’ येणार ती विधवा पुढच्या रविवारी पहिल्या मिस्साला येऊन गुपचूप निघून जाते. बायबलमधल्या अशाच एका विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आपण वेदीवरून वाचतो. मग हंगामाच्या सणाला लिलावात नावं पुकारतात ते कसं चालतं? भरताच्या वांग्यांची टोपली सहाशेला जाते, केळीचा घड हजाराला, कोंबडी ओरडत असते, सगळे हसतात, ज्याने घेतलं त्याच्या हातात वस्तू येते. तिथे कुणी कुणाला मोजत नसतं. लिलाव खुशाल ठेवा.

मग करायचं काय? सगळ्यात आधी मोजणी, कारण ती ढिली असेल तर पुढचं काहीही टिकत नाही. मिस्सा संपल्यावर पिशव्या उघड्या टेबलावर, एकमेकांच्या नात्यातले नसलेले दोघे मोजणार, तिसरा लिहिणार. छापील कागदावर ५०० च्या किती, १०० च्या किती, नाणी किती, खाली तिघांच्या सह्या, एक प्रत फादरांकडे. सोमवारी तीच रक्कम, एक रुपयाही इकडेतिकडे न करता, बँकेत. नेमकी गडबड इथेच होते. इलेक्ट्रिशियन दारात उभा असतो, खजिनदार कलेक्शनमधूनच ७०० काढून देतो, पावती नंतर घेऊ म्हणतो. चोरी झालेली नसते, पण बँकेची पावती आणि मोजणीचा कागद जुळत नाही, आणि वर्षअखेरीला ऑडिटरसमोर प्रामाणिक माणूस चोर ठरतो. किरकोळ खर्चाला वेगळी पेटी ठेवा, ५,००० ची, व्हाउचर लिहूनच त्यातून द्यायचे.

क्यूआर कोड लावणार असाल तर तो ट्रस्टच्या बँक खात्याचाच हवा. फादरांच्या किंवा खजिनदाराच्या फोनचा ‘तात्पुरता’ कोड कायमचा होऊन बसतो. स्टेटमेंट दोघांनीच बघायचं, कारण त्यात नावं असतात. करसवलतीचं मात्र कुणाला आश्वासन देऊ नका. केवळ एका धर्मीयांच्या उपासनेसाठी असलेल्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर सहसा ती मिळत नाही.

त्यानंतर संकल्प कार्ड, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी. याला वर्गणी म्हणू नका. कार्डावर नाव, आणि ‘मी आठवड्याला / महिन्याला / हंगामाला इतके देईन’ यातलं एक. तिसरा पर्याय विसरू नका, खानदेशात तोच निर्णायक आहे. रेल्वेवाल्याचा पगार महिन्याला येतो, पण कापूसवाल्याचा पैसा दिवाळीनंतर वेचणी-विक्रीला, आणि रावेर-यावलच्या केळीवाल्याचा कटाई होईल तेव्हा. त्याच्याकडे जूनमध्ये मासिक रक्कम मागितली तर तो बियाण्याच्या उधारीत असतो, कार्ड थकतं, मग तो तोंड चुकवतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांकडे दसरा-दिवाळीत रोख दिसते, ती मुकादमाची उचल असते, म्हणजे कर्ज. त्यातून एक पैसाही मागू नका. होळीनंतर परतल्यावर हिशोब फिटून काही उरलं आणि त्यांनी आपणहून विचारलं तर घ्या.

कार्डाच्या मागे तक्ता छापा : महिना ८,००० चा एक टक्का ८०, १५,००० चा १५०, ४५,००० चा ४५०. एक टक्क्यापासून सुरुवात करायला सांगा. पॅरिशमध्ये थेट दशांश मागितला तर लोक ऐकून घेतात आणि दहाचीच नोट टाकतात. कार्डावरचा आकडा एकाच व्यक्तीला माहीत असावा. ती व्यक्ती फादर नसावेत, म्हणजे पूजाविधीच्या वेळी कुणाच्याही मनात शंका राहत नाही. जमलं नाही तर आठवणीचं पत्र नाही. सहा महिन्यांनी फक्त ‘आजवर इतके मिळाले, आभार’ एवढी चिठ्ठी, सगळ्यांना सारखीच. बावन्न नंबरी पाकिटं छापा. जो रविवार चुकला त्याचं पाकीट घरात दिसत राहतं. क्यूआरवरून देणाऱ्यांच्या मुलांनाही एक-एक पाकीट द्या, नाहीतर द्यायची सवय त्यांच्या डोळ्यांसमोर कधी येणारच नाही.

छपराचं काम यापासून पूर्ण वेगळं ठेवा. साध्या कारभारापलीकडच्या खर्चाला बिशपांची लेखी परवानगी लागते, ती आधी घ्या. मग कोटेशन लोकांना समजेल असं तोडा : ८४ पत्रे, एक पत्रा फिटिंगसकट ४,०००, पाव पत्रा १,०००. दाराशी चर्चच्या छपराचा आराखडा लावा आणि जितके पत्रे जमले तितके चौकोन रंगवा, नावाशिवाय. जे एका कामासाठी दिलं ते त्याच कामाला वापरायचं, हा कॅनन १२६७ चा नियम आहे. म्हणून पैसे उरले तर कशाला लावणार हे आधीच लिहून टाका. अशा मोहिमेत रविवारचं कलेक्शन घसरतं, लोक तेच पैसे इकडे वळवतात. मोहीम तीन महिन्यांत आटपा, पावसाळ्याच्या आत, आणि रविवारचा आकडा दर आठवड्याला त्याच आराखड्याशेजारी लावा.

भावाकडून त्यांच्या मंडळीच्या मोजणीच्या कागदाचा नमुना मागून घ्या, पुढच्या बैठकीत तोच टेबलावर ठेवा. आणि बैठकीआधी पाड्यावरची एक बाई आणि बदलीवर आलेलं एक तरुण जोडपं कमिटीत घेता येईल का, हे फादरांना विचारा.

येत्या रविवारी दाराशी लावायचा कागद मी असा लिहीन :

‘आपल्या चर्चचा महिन्याचा खर्च २९,००० रुपये. रविवारच्या कलेक्शनमधून १८,४०० मिळतात. उरलेले १०,६०० आजवर मातेच्या सणाच्या पैशातून भरले, म्हणून छपराला काही शिल्लक राहिलं नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. गावात आपली १४० घरं आहेत. प्रत्येक घराने आठवड्याला सरासरी ५२ रुपये दिले तर खर्च भागतो. ज्यांना जमेल त्यांनी जास्त द्यावे, ज्यांना जमणार नाही त्यांना कुणी विचारणार नाही. हिशोबाची वही रविवारी मिस्सानंतर अर्धा तास या टेबलावर उघडी असेल.’